शिशाचा पहारेकरी

ज्या सरदाराने एखाद्या घराण्याचे राज्य बुडविले, त्याच सरदाराच्या वंशजाला शंभर वर्षांनी त्या घराण्याच्या वारसाच्या देवडीवर पहारेकरी म्हणून उभे राहावे लागले, अशी हकीकत कुणी सांगितली, तर वाचक म्हणतील, ‘ही बखर नव्हे, कादंबरी आहे!’ राजेरजवाड्यांच्या इतिहासात असा योग क्वचितच येत असेल. पण यंत्रांच्या इतिहासात तो खरोखर आला आहे. ते बुडालेले राज्य म्हणजे विजेवर चालणारी मोटार, आणि तो सरदार म्हणजे तुमच्याआमच्या रोजच्या परिचयाची शिशाची बॅटरी. ट्रॅक्टरला असते, एसटीला असते, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरखाली बसलेली असते, तीच ही जड, काळी पेटी. मी शिरोळात आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. तह, लढाया, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पाठ्यपुस्तकांनी या पेटीला मात्र कधी ओळभर जागा दिली नाही. ती उणीव या दिवाळीत भरून काढावी म्हणतो.

गोष्टीचा आरंभ पुष्कळ दूर, इटलीत होतो. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना फडणिसांनी डोळे मिटले आणि पेशवाईतले शहाणपण संपले, असे आपण मुलांना शिकवितो. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, २० मार्चला, कोमो या गावाहून अलेस्सांद्रो व्होल्टा नावाच्या प्राध्यापकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजविलेली पुठ्ठ्याची चकती, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी एकावर एक उतरंड रचली, की तिच्या दोन टोकांतून विजेचा प्रवाह सतत वाहू लागतो, असे त्याने त्यात कळविले होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी ही उतरंड म्हणजे जगातली पहिली बॅटरी. तिच्यात एकच उणे होते. जस्त खर्ची पडले, की ती संपली. जळून गेलेली वात पुन्हा वळता येत नाही, तसे तिचे होते.

रिकामी झाली तरी पुन्हा भरता येईल अशी बॅटरी यायला आणखी एकोणसाठ वर्षे लागली. ज्या १८५९ साली शिप्री येथे तात्या टोपे यांना फाशी दिले गेले, त्याच साली पॅरिसमध्ये गास्तों प्लाँते या पंचविशीतल्या शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत अशी मध्ये तजवीज करून त्यांची गुंडाळी केली आणि ती गंधकाच्या तेजाबात बुडविली. बाहेरून वीज सोडली, की ही गुंडाळी ती रासायनिक रूपात साठवी, आणि मागितली, की परत देई. विजेला प्रथमच कणगी मिळाली म्हणा ना! पुढे १८८१ साली, म्हणजे पुण्यात ‘केसरी’ निघाला त्या वर्षी, कामी फोर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्याच भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली. तिने या कणगीत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वीज मावू लागली. आज आपल्या ट्रॅक्टरखालची पेटी उघडली, तर आत सापडेल ते मुळात प्लाँते आणि फोर यांचेच: शिसे, शिशाचे भस्म आणि तेजाब. एकेका घराचे सुमारे दोन व्होल्ट, आणि अशी सहा घरे, म्हणून ती बारा व्होल्टची.

कणगी सापडल्याबरोबर तिला चाके लावण्याची कल्पना कुणाला तरी सुचणारच. १८८१ मध्येच गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. कार्ल बेन्झची पेट्रोलची गाडी तेव्हा अजून जन्मायची होती. तिचे पेटंट १८८६ चे. १८९७ साली लंडनमध्ये वॉल्टर बर्सी याच्या विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून आणि पिवळ्याकाळ्या रंगावरून लोकांनी त्यांना एका चिमुकल्या पाखराचे नाव दिले. २९ एप्रिल १८९९ रोजी कामी झेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ आपली तोफगोळ्याच्या आकाराची विजेची गाडी ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेगाने पळविली. जमिनीवर शंभराचा आकडा ओलांडणारे ते पहिले वाहन. त्याने गाडीचे नाव ठेवले होते ‘सदा असमाधानी’. अमेरिकेत १९०० साली ज्या सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. म्हणजे आज आपण जिला ‘नवी’ गाडी म्हणून कौतुकाने पाहतो, ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पेट्रोलच्या गाडीची थोरली बहीण होती.

लोकांना ती आवडे याचे कारण साधे होते. पेट्रोलची गाडी सुरू करावयाची म्हणजे समोर उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. विजेच्या गाडीत बसावे, दांडा पुढे करावा आणि निघावे. म्हणून शहरातल्या डॉक्टरांना आणि विशेषतः स्त्रियांना ती सोयीची वाटे. गंमत अशी, की ज्या हेन्री फोर्डने १९०८ पासून स्वस्त पेट्रोलच्या मोटारींनी जग भरून टाकले, त्याची पत्नी क्लारा मात्र ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ या विजेच्या गाडीतून हिंडत असे. ती १९१४ ची गाडी अमेरिकेतल्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.

असे हे राज्य बुडाले कसे? शिसे जड, त्यामुळे गाडी जड; एकदा भरलेली पेटी लांबचा पल्ला गाठू देईना; गावोगाव वीज नव्हती, आणि पेट्रोल स्वस्त होत चालले. ही सगळी कारणे खरी आहेत. पण शेवटचा घाव घातला तो चार्ल्स केटरिंग या कारागिराने. तो पूर्वी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात होता. गल्ल्याचा खण उघडण्यापुरती एक लहान मोटर क्षणभर जोर करते आणि थांबते, हे त्याने पाहिले होते. मग पेट्रोलचे इंजिन फिरवावयासही तेवढाच क्षणभराचा जोर का पुरू नये? १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत त्याने एक लहान मोटर आणि एक शिशाची बॅटरी बसविली. बटण दाबले, की इंजिन सुरू. हँडल गेले, मनगट मोडण्याचे भय गेले, आणि त्याबरोबर विजेच्या गाडीचे उरलेसुरले कौतुकही गेले. तिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत विजेच्या मोटारी जवळजवळ दिसेनाशा झाल्या; विलायतेत पहाटे दूध पोचविणाऱ्या गाड्यांपुरत्या त्या शिल्लक राहिल्या. जी बॅटरी विजेच्या गाडीचा प्राण होती, तीच फितूर होऊन शत्रूच्या गोटात गेली आणि तिनेच त्याला गादीवर बसविले, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे यातले काही बऱ्याच उशिरा आले. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले. पण कृष्णा-पंचगंगेच्या काठची आमची खेडी कंदिलावरच होती. माझ्या लहानपणी आमच्या भागात पुष्कळ ठिकाणी तारेतल्या विजेच्या आधी बॅटरीतली वीज आली. चावडीवरचा रेडिओ बॅटरीवर चाले. ती उतरली, की सायकलच्या कॅरियरला बांधून जयसिंगपूरला न्यावयाची आणि भरून आणावयाची. तेजाबाच्या शिंतोड्यांनी शर्टाला भोके पडत आणि घरी बोलणी बसत. पुढे ट्रॅक्टर आले, ट्रक आले, उसाच्या हंगामात रात्रंदिवस वाहतूक सुरू झाली, आणि गावोगाव स्टँडाजवळ एक नवा कारागीर बसू लागला. त्याच्याजवळ काचेची नळी असे. ती तेजाबात बुडवून तो आतली गुटी किती वर तरंगते ते पाही आणि वैद्याने नाडी पाहावी तसे सांगे, ‘भरलेली आहे’ किंवा ‘उतरली आहे’. भरलेल्या पेटीतले तेजाब पाण्याच्या सुमारे १.२८ पट जड असते आणि पेटी उतरत जाईल तसे ते हलके होते, हे पदार्थविज्ञान त्याने पुस्तकातून घेतले नव्हते. हाताने घेतले होते.

विजेची मोटार भारतात परत आली ती चालू शतकाच्या आरंभी. २००१ साली बंगळूरच्या चेतन मैनी यांची ‘रेवा’ ही चिमुकली गाडी रस्त्यावर आली. तिच्या आसनांखाली आठ बॅटऱ्या होत्या, आणि त्याही शिशाच्याच! खरी क्रांती घडविली ती लिथियम या सर्वांत हलक्या धातूने. १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, मग जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांच्या खटपटीतून लिथियमची बॅटरी घडत गेली. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती बाजारात आणली. तेवढ्याच वजनात ती शिशाच्या चार-पाच पट वीज साठविते. ऑक्टोबर २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटांची ‘नेक्सॉन’ विजेच्या रूपात बाजारात आली.

पण २०१९ म्हटले, की शिरोळच्या माणसाला नोबेल आठवत नाही, पूर आठवतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचा हा तालुका. नृसिंहवाडीला संगमाचे पाणी देवळात एका दारातून शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले, की लोक त्या पर्वणीत भक्तिभावाने स्नान करतात. पण तेच पाणी आणखी चढले, की जनावरे सोडावयाची आणि म्हाताऱ्या माणसांना उचलून न्यावयाचे, हेही आम्हांला पाठ झाले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांनी ते पाठ करून घेतले. अशा मुलखात गाडी चालू होणे न होणे हा हौसेचा प्रश्न राहत नाही.

दोन-तीन वर्षांमागे अशाच एका पावसाळ्यात याचा प्रत्यय आला. पुण्याचा माझा पुतण्या आपली विजेची गाडी आमच्या अंगणात ठेवून रेल्वेने कामाला दक्षिणेत गेला होता. तीन आठवड्यांनी तो परतला त्याच दिवशी पाणी पात्राबाहेर पडून मळ्यांत शिरू लागले होते. आमची आक्का चौऱ्यांशी वर्षांची. २०१९ साली तिला होडीतून काढावे लागले होते. तिने सकाळीच आपले गाठोडे बांधून ओसरीत ठेवले आणि म्हणाली, “यंदा मी होडीत बसणार न्हाई. उजेड आहे तोवर जयसिंगपूरला सोडा मला.”

पुतण्या गाडीपाशी गेला. गाडी दार उघडीना. जाताना मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली होती, म्हणजे दोनशे किलोमीटर जाण्याची ताकद पोटात होती. आणि दिवा म्हणून लागेना. भिंतीतून वायर ओढून चार्जिंगला लावली, तर तेही घेईना. पेट्रोलची गाडी रुसली, की ढकलून पाहता तरी येते. हिला ढकलून उपयोग नाही. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिकडून गोड आवाजात उत्तर आले, की गाडी उचलून न्यावी लागेल, आणि रस्ते पाहता परवापर्यंत माणूस येईल. गल्लीतले टेंपो जनावरे हलविण्यात गुंतलेले. आक्का गाठोड्यावर हात ठेवून बसलेली.

शेवटी स्टँडाजवळच्या बॅटरीवाल्या अण्णांना बोलावले. विजेच्या गाडीला त्यांनी तोवर हात लावलेला नव्हता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, हिला बारा व्होल्टची बॅटरी हाय का न्हाई?”

पुतण्या म्हणाला, “आहे अण्णा, पण ती दिव्यांपुरती. गाडी चालते ती खालच्या मोठ्या बॅटरीवर.”

“आसू दे की. आधी धाकट्याची नाडी बघू.”

रिमोटच्या पोटातून लोखंडाची बारकी किल्ली निघाली. तिने दार उघडले, आतला खटका ओढून बॉनेट वर केले. मीटरचे दोन काटे टेकविले, तर आकडा साडेआठ. विसावलेली आणि पुरी भरलेली पेटी साडेबाराच्या वर दाखविते. अण्णा म्हणाले, “मेलेली न्हाई, उपाशी हाय.” शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून आणली. लाल वायर धन टोकाला, काळी वायर गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला. मिनिटभराने पुतण्याने बटण दाबले. गाडीच्या तळातून ‘टक्’ असा लहानसा आवाज आला, आणि समोरच्या काचेवर आकडे उजळले. मोठी बॅटरी अडुसष्ट टक्के. आक्का ओसरीतून म्हणाली, “एवढ्याशा आवाजासाठी एवढा खोळंबा व्हय?”

तो ‘टक्’ आवाज कसला, हे समजून घेण्यासारखे आहे. हरिपूरला हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे असत, ती पुष्कळांनी पाहिली असतील. विजेच्या गाडीची मोठी बॅटरी तशीच, गाडीच्या तळाखालचे पेव. तिच्यात तीनशे-चारशे व्होल्टची वीज असते. माणसाला ती जिवावरची. म्हणून गाडी उभी असताना, किंवा अपघात झाला असताना, ती पेवातच कोंडून राहावी अशी योजना केलेली असते. पेवाच्या तोंडाशी दोन दणकट खटके असतात. ते बारा व्होल्टच्या विजेवर मिटतात, तेव्हाच वीज बाहेर येते. बारा व्होल्ट गेले, की खटके आपोआप सुटतात आणि पेव बंद. चार्जिंगची परवानगी देणारा संगणकही त्या बारा व्होल्टवरच जागा राहतो. म्हणजे पेव शिगोशीग भरलेले असो. देवडीवरचा पहारेकरी निजला, तर आतले बाहेर येत नाही आणि बाहेरचे आत जात नाही. तो पहारेकरी म्हणजे प्लाँतेची शिशाची पेटी. १९१२ साली तिने जिचे राज्य घालविले, तिच्याच वारसाच्या दारावर ती आज उभी आहे.

मग ती निजते का? गाडी चालू असते किंवा चार्ज होत असते, तेव्हा मोठी बॅटरी धाकटीला खाऊ घालते. उभ्या गाडीत मात्र चोरघंटा, रिमोटची वाट पाहणारे कान आणि मोबाईलशी बोलणारे यंत्र थेंब थेंब वीज पीत राहतात. काही गाड्या मधूनमधून धाकटीला आपण होऊन भरतात, काही भरत नाहीत. आणखी एक गोष्ट आहे. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी म्हातारी झाली, की इंजिन कण्हत कण्हत फिरते आणि मालकाला महिनाभर आधी सूचना मिळते. विजेच्या गाडीत तिला जोराचे काम नाही, म्हणून ती कण्हत नाही. काल चालली, आज गप्प. रिकामी राहिलेल्या पेटीतल्या पत्र्यांवर पांढरे स्फटिक धरून ते टणक होत जातात, मग तिला पुरते जीवदान देता येत नाही. त्या दिवशी आक्काला जयसिंगपुरात पोचविल्यावर अण्णांच्या सांगण्यावरून गाडी दोन तास चालूच ठेवली, आणि पाणी ओसरल्यावर धाकटी बॅटरी नवी घातली.

तेव्हा ज्यांच्या दाराशी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी, अनुभवातून आलेले चार शब्द. गाडी एकदम निष्प्राण झाली, की पहिला संशय धाकटीवर घ्यावा, मीटरने मोजावे, बाराच्या खाली असेल, तर तिला बाहेरून आधार द्यावा. ती ठीक असेल आणि केवळ चार्जिंग होत नसेल, तर घरातला खटका पडला आहे काय आणि भिंतीतल्या सॉकेटला नीट अर्थिंग आहे काय, ते वायरमनकडून पाहून घ्यावे. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना मात्र कुणीही हात लावू नये. तो रंगच पेवातल्या विजेची खूण आहे, आणि तिथे कंपनीचा शिकलेला माणूसच हवा. आपल्या विजेच्या गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देण्याची उदारता गाडीबरोबरचे पुस्तक वाचल्याशिवाय दाखवू नये; बहुतेक कंपन्या तिला मनाई करतात. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी सुकलेली दिसली, तरी सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये. तपासून घेईपर्यंत तिला घरापासून दूर उभी करावी.

काही कंपन्यांनी आता धाकटी पेटीही लिथियमची बसविली आहे. कदाचित शिशाची नोकरी पुढेमागे संपेल. पण पहारेकरी बदलला तरी पहारा राहणारच, कारण पेव उघडे टाकता येत नाही. आणि मदतकेंद्र कितीही तत्पर असले, तरी रस्त्यावर पाणी आल्यावर गावात असतो तो अण्णांसारखाच माणूस. त्याला ही नवी गाडी शिकविणे, तिची पुस्तके त्याच्या भाषेत त्याच्या हाती देणे, हे आमच्यासारख्या मुलखात होडी तयार ठेवण्याइतकेच निकडीचे आहे. त्या वर्षी पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परतले. दर वर्षी ते तसे परतेलच असे नाही.

या पाडव्याला पुष्कळांच्या दाराशी नव्या गाड्या येतील. हार घालावा, नारळ फोडावा, पेढे वाटावेत. पण त्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: धाकटी बॅटरी कुठे बसविली आहे, आणि वीज नसताना दार कोणत्या किल्लीने उघडते? तो बॉनेट उघडून दाखवील, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी पाहून घ्यावे, मुलांनीही आणि घरच्या आक्कांनीही.